सात वर्षांच्या मुलावर जेवणाची उधारी चढते कशी?

दरवर्षी डिसेंबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच छापाची बातमी येते. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एखाद्या दुकानदाराने, चर्चने किंवा निवृत्त माणसाने शाळेतल्या मुलांची जेवणाची उधारी फेडून टाकली. खाली हात जोडलेले, डोळे पाणावलेले इमोजी. यंदा ती माझ्या मावशीने वाचली आणि लगेच फोन केला. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शेवटची पंधरा-सोळा वर्षं पोषण आहाराचं रजिस्टर तिच्याचकडे होतं. "अगं, फेडली ते चांगलंच झालं," ती म्हणाली, "पण एवढ्याशा पोरावर उधारी चढतेच कशी? तिकडे शाळेत जेवण नसतं का?"

असतं. काहींना फुकट, काहींना नाममात्र दरात आणि बाकीच्यांना विकत. उधारीचं मूळ या तीन गटांच्या मधल्या रेषांमध्ये आहे, म्हणून आधी तेच बघू.

## रेशन कार्डासारखे तीन रंग

अमेरिकेचा राष्ट्रीय शालेय भोजन कायदा १९४६ चा. त्यावर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची सही आहे. महायुद्धाच्या भरतीत कुपोषणामुळे नाकारलेली तरुण पोरं एकीकडे आणि शेतकऱ्यांकडे साठलेला जादा माल दुसरीकडे, असा दुहेरी विचार त्यामागे होता. म्हणूनच ही योजना आजही तिथल्या शिक्षण खात्याकडे नाही, कृषी खात्याकडे आहे. रोज सुमारे तीन कोटी मुलं त्यातून दुपारचं जेवतात.

पण सगळी एका दराने जेवत नाहीत. आपल्याकडच्या पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या रेशन कार्डांसारखे तिथेही तीन वर्ग आहेत. सरकार दरवर्षी एक दारिद्र्यरेषा ठरवतं. कुटुंबाचं उत्पन्न तिच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ टक्क्यांच्या मधे असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या ताटाला जास्तीत जास्त ४० सेंट. त्याच्या वर गेलात की पूर्ण दर. तो शाळेगणिक वेगळा असतो, पण साधारण तीन डॉलरच्या आसपास. २०२५-२६ या शालेय वर्षासाठी चौघांच्या कुटुंबाला मोफत जेवणाची मर्यादा वर्षाला ४१,७९५ डॉलर आणि सवलतीची ५९,४७८ डॉलर आहे.

हे आकडे रुपयांत करून "बाप रे, श्रीमंतच की!" म्हणायचा मोह होतो. मावशीनेही तेच केलं. पण घरभाडंही डॉलरमध्येच भरायचं असतं. आणि रेषेची गंमत अशी की ५९,४०० वाल्याच्या मुलाला ताट ४० सेंटला आणि ५९,६०० वाल्याच्या मुलाला तीन डॉलरला. दोन मुलं, वर्षाचे १८० दिवस, तीन डॉलर: १,०८० डॉलर झाले. दोनशे डॉलरच्या पगारवाढीवर जवळपास हजाराचा खड्डा. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याच्या दारात जी धाकधूक असते, तीच ही.

## रांगेत नेमकं काय होतं

मुलं ट्रे घेऊन रांगेने पुढे सरकतात. कुणी पिझ्झाचा तुकडा घेतं, कुणी चिकनचे नगेट्स. सोबत एखादं फळ, दुधाचा छोटा खोका. रांगेच्या शेवटी एक बाई बसलेल्या असतात, त्यांच्यापुढे आकड्यांच्या बटणांची छोटी डबी. मूल आपला पिन दाबतं, बाईंच्या पडद्यावर त्याचं खातं उघडतं. हे खातं आईवडिलांनी आगाऊ पैसे भरून ठेवायचं असतं, आपल्या प्रीपेड मोबाइलसारखं. शिल्लक असेल तर मूल पुढे जातं. शिल्लक संपली असेल तर आकडा उणे होत जातो. तीच जेवणाची उधारी.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वाढून झाल्यावर हिशेब होतो. मुलाच्या हातात गरम ताट आहे, मागे पंचवीस मुलं उभी आहेत आणि बाईंना कळलंय की याच्या खात्यात पैसे नाहीत. पैसे द्यायचे ज्यांनी, ते आईबाप त्या वेळी कुठेतरी कामावर आहेत.

खातं उणे होण्याची कारणं बहुधा कंटाळवाणी असतात. अर्ज भरायचा राहिला, किंवा भरला आणि एक रकाना चुकला. कुणाचे कामाचे तास कमी झाले, पण तो अजून "पूर्ण दरा"तच अडकलेला. शिवाय गेल्या वर्षीची सवलत नव्या वर्षात शाळेचे फार तर ३० दिवस पुढे चालते. तोवर नवा अर्ज गेला नाही तर मूल गुपचूप पूर्ण दरात ढकललं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळं सुरळीत असतं आणि मग अचानक रोज तीन डॉलर चढू लागतात. घरी पहिली चिठ्ठी येईपर्यंत पन्नास-साठ डॉलर झालेले असतात.

पैसे भरण्यातही गळती आहे. बहुतेक शाळा खासगी कंपन्यांच्या ॲपवरून पैसे घेतात. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२४ मध्ये या ॲपांचा अभ्यास केला, तेव्हा दर भरण्यामागे सरासरी २.३७ डॉलर शुल्क निघालं. ज्याला एकदम दोनशे डॉलर भरता येतात त्याला ते जाणवत नाही. जो आठवड्याला दहा-दहा भरतो, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा शुल्कातच जातो. थोडं थोडं घेणाऱ्यालाच माल महाग पडतो, हे आपल्या वाण्याच्या दुकानातलं गणित तिकडेही चुकलेलं नाही.

## उधारी मोठ्यांची, वसुली मुलाकडून

आता बातम्यांमध्ये येणाऱ्या भागाकडे. याला तिकडे "लंच शेमिंग" म्हणतात, म्हणजे उधारीवरून मुलाचा चारचौघांत पाणउतारा.

जानेवारी २०१४ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका प्राथमिक शाळेत चाळीसेक मुलांच्या हातातले ट्रे काढून घेतले आणि जेवण कचऱ्यात टाकलं. वाढलेलं अन्न दुसऱ्या मुलाला देता येत नाही, म्हणून कचऱ्यात. म्हणजे ज्या जेवणाचे पैसे वाचवायचे होते ते वाचले नाहीतच, मूल मात्र उपाशी राहिलं. मुलांना त्याऐवजी एक फळ आणि दूध दिलं होतं. अलाबामात आणि ॲरिझोनात मुलांच्या हातावर "जेवणाचे पैसे हवेत" अशा अर्थाचा शिक्का मारून घरी पाठवल्याच्या घटना २०१६-१७ मध्ये गाजल्या. बऱ्याच ठिकाणी गरम ताटाऐवजी गार चीज सँडविच देत. कागदावर ती उपासमार टाळण्याची सोय होती. पण ते सँडविच हातात दिसलं की अख्ख्या टेबलाला कळायचं.

न्यू जर्सीतल्या चेरी हिलच्या शाळा मंडळाने २०१९ मध्ये ७५ डॉलरच्या वर उधारी असलेल्या विद्यार्थ्यांना सहली आणि वर्षअखेरीच्या नृत्यसमारंभापासून दूर ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या वायोमिंग व्हॅली वेस्ट या शाळा जिल्ह्याने (तिकडे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) तर पालकांना पत्रच धाडलं: मुलाला जेवणाच्या पैशाविना शाळेत पाठवणं म्हणजे त्याची हेळसांड, प्रकरण कोर्टात गेलं तर मूल तुमच्याकडून काढून पालक-कुटुंबात, म्हणजे सरकारने सांभाळायला नेमलेल्या परक्या घरात, ठेवलं जाऊ शकतं. थकबाकी होती २२ हजार डॉलरची. एका कॉफी कंपनीच्या प्रमुखाने ती भरायची तयारी दाखवली तर आधी नकार आणि देशभर छी-थू झाल्यावर होकार. पुढे कळलं की त्या जिल्ह्यात इतकी गरिबी आहे की येत्या वर्षापासून तो सर्वच मुलांना मोफत जेवण द्यायला पात्र ठरला होता.

मावशी हे ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फी थकली म्हणून आपल्याकडे पोराला वर्गाबाहेर उभं करतात, त्यातलाच प्रकार." अगदी त्यातलाच. आपल्या खासगी शाळांत निकाल अडवतात, परीक्षेच्या ओळखपत्रासाठी मुलाला कचेरीत खेपा घालायला लावतात. तिकडे ताट अडवतात. दोन्हीकडे समोर सापडतं ते मूलच.

## शाळा इतक्या कोत्या मनाच्या का?

प्रश्न बरोबर आहे, पण शाळेची वहीही एकदा उघडून बघायला हवी. मोफत गटातल्या मुलाच्या ताटामागे केंद्र सरकार शाळेला साधारण साडेचार डॉलर देतं. पूर्ण दराच्या मुलामागे मिळतात जेमतेम ५० सेंट. उरलेलं पालकांनी द्यायचं. त्यांनी दिलं नाही तर ताटाचा खर्च शाळेच्या अंगावर.

शिवाय स्वयंपाकघराचं खातं शाळेच्या इतर खात्यांपासून वेगळं असतं आणि त्यावर एक कडक नियम आहे. थकलेली रक्कम आणि बुडीत रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी. थकलेली म्हणजे अजून येण्याची आशा आहे ती. पण एकदा ती बुडीत धरली की स्वयंपाकघराच्या खात्यातून भरून काढता येत नाही. ती जिल्ह्याच्या सर्वसाधारण निधीतून किंवा देणगीतून भरावी लागते. सर्वसाधारण निधी म्हणजे शिक्षकांचे पगार, बस, वाचनालय. डिसेंबरातले ते दानशूर दुकानदार इथे कामाला येतात.

ही रक्कम देशाच्या हिशेबात चिल्लर वाटेल. शालेय भोजन चालवणाऱ्यांच्या संघटनेने २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या आकड्यानुसार उधारी असलेल्या जिल्ह्यांमधला मधला आकडा ६,९०० डॉलर होता, म्हणजे निम्म्या जिल्ह्यांत त्याहून कमी, निम्म्यांत जास्त. पण वर्षभरात तो पाव पटीने वाढला होता.

आणि त्या रांगेच्या शेवटी बसलेल्या बाईंना खलनायिका करू नका. त्यातल्या कित्येकजणी स्वतःच्या पर्समधून पैसे घालतात. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात फिलँडो कॅस्टिल नावाचा कॅफेटेरियाचा पर्यवेक्षक होता. शेकडो मुलांची नावं आणि कुणाला काय खाल्लेलं बाधतं ते त्याला पाठ. कमी पडले तर मुलांचे पैसे तोच भरायचा. २०१६ मध्ये रस्त्यावर गाडी अडवून पोलिसाने त्याला गोळी घातली. त्याच्या नावाने लोकांनी जो निधी उभारला, त्यातून सेंट पॉलच्या सरकारी शाळांमधली सगळी उधारी फिटली. पुढच्या वर्षी अर्थातच नवी उधारी चढायला मोकळी.

## ताट वेगळं, वही वेगळी

अशा पाणउताऱ्यापासून विद्यार्थ्याला संरक्षण देणारे कायदे पुढे आले. पहिलं राज्य न्यू मेक्सिको, साल २०१७. विधेयक आणणारे सिनेटर मायकेल पडिया लहानपणी पालक-कुटुंबांमध्ये वाढले होते. शाळेत जेवणासाठी त्यांनी कॅफेटेरियाची फरशी पुसली होती.

कायद्याचा गाभा साधा आहे. मूल ताट मागेल तर त्याला ताट द्या. वाढलेलं परत घेऊन फेकू नका. हातावर शिक्का नाही, मनगटावर पट्टी नाही, उधारी फेडायला टेबलं पुसायला लावणं नाही. पैशांबद्दल बोलायचं ते पालकांशी. आणि उधारी वाढत असेल तर त्या घराला मोफत जेवणाचा अर्ज भरायला शाळेने मदत करायची. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी असा कायदा केला, पुढे २०१९ मध्ये तो आणखी घट्ट केला. इतर अनेक राज्यांनी कमीअधिक प्रमाणात तीच वाट धरली. केंद्राचं मात्र एवढंच बंधन आहे की प्रत्येक जिल्ह्याने जुलै २०१७ पासून आपलं उधारीचं धोरण लेखी ठेवावं. धोरण काय असावं, ते सांगितलेलं नाही. लेखी निर्दयपणाही चालतो.

या कायद्यांना विरोध करणारे म्हणतात, उधारीला परिणामच नसेल तर पैसे कोण भरणार? ही शंका हवेतली नाही. डेन्व्हरच्या शाळांनी २०१७ मध्ये कुणालाही ताट नाकारायचं नाही असं जाहीर केलं. तेव्हा सुमारे १३ हजार डॉलरची उधारी वर्षभरात साडेतीन लाखांच्या पुढे गेली. दुकानावरची "आज रोख, उद्या उधार" ही पाटी उतरवली की काय होतं ते कुठल्याही वाण्याला विचारा.

माझं मत विचाराल तर डेन्व्हरचा आकडा कायदा चुकला हे दाखवत नाही. तो कायदा अर्धाच आहे हे दाखवतो. मुलाला वहीपासून सोडवलं, पण वही तशीच राहिली, आणि ती भरायची कुणी याचं उत्तर कुणी लिहिलं नाही.

## मग वहीच फाडली तर?

हा प्रयोग एकदा देशभर झाला आहे. कोरोनात, मार्च २०२० पासून जून २०२२ पर्यंत, विशेष सवलतीखाली सगळ्या मुलांना मोफत जेवण देता आलं. अर्ज नाही, वर्ग नाही. उधारी साचणं थांबलं. सवलत संपली आणि पुढच्याच सत्रात उधारी परत आली.

काही राज्यांनी मात्र मागे जायला नकार दिला. कॅलिफोर्निया आणि मेन यांनी २०२२ पासून, मग कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्सने, आणि २०२५-२६ पासून न्यू यॉर्कनेही सर्वांना मोफत जेवण सुरू केलं.

बाकी राज्यांतल्या गरीब वस्त्यांसाठी एक मधली वाट आहे. तिला आपण सामूहिक पात्रता म्हणू. शाळेतली किती मुलं अन्न-साहाय्यासारख्या सरकारी यादीत आधीच आहेत ते बघायचं. ती २५ टक्के असली की अर्जबिर्ज न घेता अख्ख्या शाळेला मोफत जेवण देता येतं. २०२३ पर्यंत ही अट ४० टक्क्यांची होती. ऐकायला छान, पण पैशाचं सूत्र बघा. त्या टक्केवारीला १.६ ने गुणतात आणि तेवढ्याच ताटांना पूर्ण अनुदान देतात. २५ गुणिले १.६ म्हणजे ४०. शंभर ताटांपैकी चाळीसांचे साडेचार डॉलर, उरलेल्या साठांचे जेमतेम ५० सेंट. शंभर ताटांचे पूर्ण पैसे हवेत तर यादीतली मुलं ६२.५ टक्के लागतात. दार रुंद केलं, पण आत पायरी उंच ठेवली. त्यात जुलै २०२५ च्या कायद्याने अन्न-साहाय्याचे नियम आवळले आहेत. यादीतली नावं घटली की शाळेची टक्केवारीही घसरणार.

## "पण श्रीमंतांच्या पोरांनाही फुकट का?"

सगळ्यात जास्त येणारा आक्षेप हाच. तीन बाजूंनी बघता येईल. एक, गाळणीलाही खर्च असतो: अर्ज, छाननी, पडताळणी, चिठ्ठ्या, वसुली. दोन, गाळणीतून नेमके काठावरचे गळतात, जे ५९,६०० वर अडकतात किंवा अर्ज भरायला लाजतात. तीन, सगळे जेवत असले की जेवणाला "गरिबांचं" हा शिक्का लागत नाही. श्रीमंताकडून वसुली करायची तर ती करातून करता येते. मॅसॅच्युसेट्सने दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर जादा कर लावून त्यातून हे पैसे काढले. कोलोरॅडोत मतदारांनी २०२२ मध्ये तीन लाखांच्या वर कमावणाऱ्यांच्या करसवलती कापल्या. तो पैसा पुरला नाही, तेव्हा २०२५ मध्ये पुन्हा कौल मागितला आणि लोकांनी पुन्हा दिला. खर्च मोठा आहे, हे मान्य करूनच बोलायला हवं.

"घरून डबा का नाही देत?" असा मावशीचा दुसरा प्रश्न होता. देतात की, पुष्कळजण देतात. आपल्या मराठी घरांतली मुलंही सुरुवातीला पोळी-भाजी नेतात आणि मग एक दिवस "तो वास येतो म्हणतात" म्हणून डबा तसाच परत येतो. पण ज्या घरात खातं उणे होतंय तिथे फ्रीजही बहुधा भरलेला नसतो. आणि डब्याने उधारी टळतेच असंही नाही. मिनेसोटात पूर्ण ताट मोफत आहे, पण डबा आणलेल्या मुलाने नुसतं दूध घेतलं, किंवा कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर पैसे पडतात. तिथेही वही पातळ झाली, संपली नाही.

## आपल्याकडे ही वही का नाही?

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. त्याआधी आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. मावशीला त्या पोत्यांची आठवण अजून येते, प्रेमाने नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीचं जेवण हक्क झालं. त्यात उत्पन्नाचा दाखला नाही. जो वर्गात हजर, तो पंगतीत.

म्हणून आपलं सगळं उत्तम, असं मावशीसुद्धा म्हणत नाही. आहाराची बिलं महिनोन्‌महिने रखडतात, शिजवणाऱ्या ताईंचं मानधन तुटपुंजं, खिचडीत डाळ शोधावी लागते. तेल संपलं की किराणावाल्याकडे उधारी करायची वेळ कित्येकदा मुख्याध्यापकांवर येते. पण ती उधारी मोठ्यांच्या नावावर असते. मावशीच्या रजिस्टरात तांदळाची आवक, जावक, शिल्लक, लाभार्थी संख्या आणि शेजारी चव घेणाऱ्या शिक्षकाची सही, एवढंच होतं.

## तिकडे आपलं कुणी असेल तर

न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय इथे राहणाऱ्या नातेवाइकांना हे कळवायला हरकत नाही. मोफत जेवणाचा अर्ज वर्षभरात कधीही भरता येतो. नोकरी गेली, घरात एकच पगार उरला, तर त्याच आठवड्यात भरावा, कारण मंजुरी पुढच्या ताटांना लागू होते, आधीची उधारी त्याने पुसली जात नाही. अर्जात व्हिसा किंवा नागरिकत्व विचारत नाहीत. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एका प्रौढाचे मागतात, ते नसतील तर "नाही" वर खूण करायची सोय असते. ॲपचं शुल्क टाळायचं असेल तर शाळेत रोख किंवा चेकने भरता येतं, फक्त ही गोष्ट संकेतस्थळावर ठळक दिसत नाही, विचारावी लागते. आणि नव्या वर्षाचा अर्ज शाळा उघडल्या उघडल्या, ते ३० दिवस संपायच्या आत.

मावशीने हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं आहे. तिची भाची डॅलसला असते. तिथे दोन पगार आहेत, गरज पडणार नाही. तरी कागद पाठवणार आहे म्हणाली, शेजारी कुणी असेल तर.